जुन्नरचीं लेणीं आणि कारागिरांच्या श्रेणी

जुन्नरचें नांव काढलें कीं महाराष्ट्रीय मनास प्रथम शिवनेरी आठवावा, हें स्वाभाविकच आहे. परंतु शिवजन्मापूर्वीं दीड सहस्र वर्षांहून अधिक काळ हें नगर नाणेघाटानें कोंकणांत उतरणाऱ्या व्यापाराची थोर पेठ होतें. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा व मानमोडी या डोंगरांतील दोनशेंहून अधिक खोदकामें त्या पेठेची साक्ष देतात. हीं लेणीं भिक्षूंचीं खरीं. पण तीं उभीं राहिलीं नागरिकांच्या गांठीच्या पैशानें.

बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ मध्यें प्रसिद्ध केलेले येथील लेख वाचावे, म्हणजे जणूं सारें नगरच आपणांपुढें येऊन उभें राहतें. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम हा ४६ व्या वर्षीं मंडप व पाण्याचें टांकें देतो. इरिल नांवाचा यवन दोन टांकीं देतो. धान्यविक्यांची श्रेणी सात खोल्यांचें लेणें खोदविते.

परंतु आम्हांस याहून मोलाचे वाटतात ते ठेवींचे लेख. एका दात्यानें आपली ठेव वेळूचें काम करणाऱ्यांच्या व कांसेकारांच्या श्रेणींकडे मासिक उत्पन्नासाठीं सोंपविली. हे कांसेकार म्हणजेच आजचे कासार. अदुथुम नांवाच्या शकानें तर करंजाच्या झाडांसाठीं वीस व वडांसाठीं नऊ निवर्तनें जमिनीची व्यवस्था एका श्रेणीकडे लावून दिली.

या व्यवहाराची रीत नाशिकच्या लेण्यांत अधिक स्पष्ट दिसते. नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेविले. त्यांपैकीं दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारावर शेंकडा पाऊण व्याज ठरलें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज मात्र भोगावयाचें, असा करार होता. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें. त्यांतून वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे.

राजाचा अमात्य व जांवई जेथें दान देतात, तेथेंच ठेव मात्र कारागिरांच्या हातीं कां द्यावी? आमच्या मतें कारण उघड आहे. राज्य आज एकाचें तर उद्यां दुसऱ्याचें. पण टोपली, भांडें व वस्त्र यांची गरज कोणत्याही राज्यांत संपत नाहीं. त्या नित्याच्या श्रमावर लोकांचा विश्वास होता. लेणें एकदां खोदून भागत नाहीं, झाड एकदां लावून वाढत नाहीं. दोहोंस पिढ्यान्‌पिढ्यांची निगा लागते, हें त्या दात्यांस पुरतें ठाऊक होतें.

आज आम्ही लेण्यांचें कौतुक करितों; परंतु बुरुडाकडे घासाघीस करूनच टोपली घेतों. ज्याच्या पूर्वव्यावसायिकांकडे एका नगरानें आपली धर्मठेव निःशंकपणें ठेविली, त्याच्या कारागिरीची आज पत काय, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला पाहिजे. दगड राखण्यास कायदा पुरतो. परंतु त्या दगडास ज्यांनीं आधार दिला त्या हातांचा मान समाजानेंच राखावयाचा असतो.