डहाणू–तलासरी भूकंपमालिका व सामूहिक आपत्तीनियोजन

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जाणवू लागलेली भूकंपमालिका आणि तीमुळे अनेक ठिकाणच्या यंत्रणांना मिळून करावे लागलेले आपत्तीनियोजन.

स्वरूप : धुंदलवाडी परिसर मालिकेचा केंद्रभाग होय. एक मोठा धक्का व त्यामागून विरत जाणारे धक्के असा क्रम येथे नाही. लहान-मध्यम धक्के थव्याने येतात. मोठा धक्का होऊन गेला की यायचा आहे, हे अशा मालिकेत ठरवता येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यात घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची मुलगी दगावली. घर कोसळण्याइतकाच जीव घेऊन पळण्याचाही धोका असतो, हे नियोजनात धरावे लागले.

निर्णयाचे घटक : कुटुंबांनी तंबूत राहावे की घरी परतावे, शाळा इमारतीत भरवावी की उघड्यावर, असे प्रश्न वारंवार उभे राहतात. त्यांसाठी लागणारी माहिती विखुरलेली असते. धक्क्यांच्या नोंदी दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र व हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था ठेवतात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी व सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. कोणत्या पाड्यावर कुडाची हलकी घरे आहेत आणि कोठे सळईविना बांधलेल्या विटांच्या भिंतींना तडे गेले आहेत, हे मात्र सरपंच, पोलीस पाटील, तलाठी व ग्रामसेवक यांनाच ठाऊक असते. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांत विस्तार करणाऱ्या पेसा कायद्यान्वये (१९९६) ग्रामसभेलाही विशेष स्थान आहे.

सीमापार समन्वय : तलासरीला लागून गुजरात व दादरा-नगर हवेली आहे. त्यामुळे संदेश मराठी, वारली व गुजराती बोलणाऱ्यांपर्यंत एकाच अर्थाने पोहोचावा लागतो. आंतरराष्ट्रीय शोध व बचाव सल्लागार गट (१९९१) बहुराष्ट्रीय पथकांसाठी समन्वयाचे असे तत्त्व मांडतो : अंतिम अधिकार बाधित देशाकडे, समन्वय एका केंद्रातून. जिल्हापातळीवर त्याचा अर्थ असा, की मोजणारे, ठरवणारे व भोगणारे यांनी एकाच बैठकीत बोलावे. निर्णयासोबत त्याचे कारण व फेरविचाराची तारीखही पाड्यापर्यंत कळवावी.