आर्द्रतामापनाचा इतिहास

आर्द्रतामापन : हवेतील जलबाष्पाचे प्रमाण ठरविण्याच्या क्रियेस आर्द्रतामापन आणि त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या उपकरणास आर्द्रतामापक म्हणतात. दिलेल्या तापमानास हवेत जास्तीत जास्त जितके बाष्प सामावू शकते त्याच्याशी प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाच्या शेकडा प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता ही संज्ञा आहे. ३०° से. तापमानाच्या एक घन मीटर हवेत सु. ३०·४ ग्रॅ. बाष्प सामावते, तीत २१·३ ग्रॅ. बाष्प असल्यास सापेक्ष आर्द्रता ७०% होते. बाष्प अदृश्य असल्यामुळे व हवेपासून ते वेगळे काढून तोलणे जिकिरीचे असल्यामुळे व्यवहारात आर्द्रता सरळ मोजली जात नाही. वजन, लांबी, बाष्पीभवनाने येणारा थंडावा, विद्युत् रोध किंवा धारकता यांसारख्या दुसऱ्या एखाद्या राशीत आर्द्रतेमुळे होणारा बदल मोजून तिचे अनुमान केले जाते. त्यामुळे आर्द्रतामापनाचा इतिहास हा प्रामुख्याने या मध्यस्थ राशींचा व त्यांच्यावर कितपत विसंबावे या प्रश्नाचा इतिहास आहे. छांदिष्टांच्या एक-फलक संगणकास जोडण्यात येणारा लहानसा संवेदक हा त्यातील अलीकडील टप्पा होय.

प्रारंभीचे प्रयत्न : निकोलस ऑफ क्यूसा (१४०१–६४) यांनी १४५० मध्ये तराजूच्या एका पारड्यात लोकर व दुसऱ्यात दगड ठेवण्याची कल्पना मांडली. दमट हवेत लोकर पाणी शोषून जड होते व कोरड्या हवेत हलकी होते. लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांच्या टिपणांतही अशा तराजूची रेखाटने आढळतात. सतराव्या शतकात टस्कनीचे ग्रँड ड्यूक दुसरे फेर्दिनांद यांनी बर्फाने भरलेल्या शंकूच्या बाहेरील पृष्ठावर जमणारे पाणी मोजपात्रात गोळा करून हवेतील ओलाव्याची तुलना केली. रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांनी रानटी ओटच्या कुसाला पीळ पडण्याच्या व सुटण्याच्या गुणधर्माचा उपयोग केला आणि त्याचे वर्णन १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथात दिले. या साधनांनी ओलावा वाढला की घटला एवढेच समजे. दोन ठिकाणच्या किंवा दोन उपकरणांच्या वाचनांची तुलना करणे शक्य नव्हते, कारण त्यांना सर्वमान्य स्थिरबिंदू नव्हते.

केशार्द्रतामापक : स्थिरबिंदूंचा प्रश्न स्विस शास्त्रज्ञ ऑरास बेनेदिक्त द सोस्यूर (१७४०–९९) यांनी हाती घेतला. आर्द्रतामापनावरील त्यांचा ग्रंथ १७८३ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी केस क्षारयुक्त पाण्यात उकळून त्यावरील तेलकटपणा काढल्यास तो ओलाव्याप्रमाणे लांबतो व आखडतो, हे त्यांनी दाखविले. पूर्ण कोरड्या हवेपासून संपृक्त हवेपर्यंत केसाची लांबी सु. २ ते २·५ टक्क्यांनी वाढते. हा अल्प बदल चाकावरून फिरणाऱ्या काट्याने मोठा करून दाखविता येतो. जलशोषक क्षार ठेवलेल्या काचेच्या हंडीतील हवा हा शून्य बिंदू व आतील बाजू पाण्याने भिजविलेल्या हंडीतील हवा हा शंभर बिंदू, असे अंशन त्यांनी केले.

झां आंद्रे दल्यूक (१७२७–१८१७) यांनी यास आक्षेप घेतला. ते केसाऐवजी देवमाशाच्या तालुपट्टाची चीप वापरीत आणि कमाल आर्द्रतेचा बिंदू ठरविण्यासाठी ती पाण्यातच बुडवीत. पाण्यात बुडालेली वस्तू व बाष्पाने संपृक्त झालेली हवा या दोन अवस्था एकच मानाव्यात काय, हा या वादाचा गाभा होता. शिवाय केसाची लांबी आर्द्रतेच्या सम प्रमाणात वाढत नाही. कोरड्या हवेत ती भराभर व दमट हवेत सावकाश वाढते. वाचन कोष्टकाच्या साहाय्याने सुधारून घ्यावे लागते, हा धडा येथेच प्रथम मिळाला.

दवबिंदू व ओला-कोरडा फुगा : जॉन डाल्टन (१७६६–१८४४) यांनी बाष्पदाबाविषयी केलेल्या कार्यामुळे आर्द्रतामापनास भौतिकीचा पाया लाभला. हवा थंड करीत गेल्यास ज्या तापमानास दव जमू लागते त्यावरून तिच्यातील बाष्पदाब काढता येतो. जॉन फ्रेडरिक डॅनिएल (१७९०–१८४५) यांनी १८२० मध्ये ईथराच्या बाष्पीभवनाने थंड होणाऱ्या काचगोलाचा दवबिंदुमापक तयार केला. आंरी व्हीक्तॉर रेन्यो (१८१०–७८) यांनी चांदीचे चकचकीत पृष्ठ वापरून तो अधिक अचूक केला.

रोजच्या कामास मात्र दोन तापमापकांची जोडी अधिक सोयीची ठरली. एका तापमापकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळलेले असते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जलद व त्या तापमापकाचे वाचन कमी येते. दोन्ही वाचनांतील फरकावरून कोष्टकाच्या मदतीने आर्द्रता मिळते. जर्मन शास्त्रज्ञ ई. एफ. आउगुस्ट (१७९५–१८७०) यांनी १८२५ च्या सुमारास या पद्धतीस शास्त्रीय रूप दिले. फुग्यावरून वाहणाऱ्या हवेचा वेग बदलला की वाचन बदलते, म्हणून रिखार्ट आसमान (१८४५–१९१८) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंख्याने ठराविक वेगाची हवा खेचणारे व प्रारणापासून संरक्षित असे उपकरण तयार केले. मलमल मळलेले असल्यास, पाणी अशुद्ध असल्यास वा वारा अपुरा असल्यास हीच जोडी चुकीचे उत्तर देते.

वेधशाळा व गिरण्या : उपकरण कोठे ठेवावे हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरला. टॉमस स्टीव्हन्सन (१८१८–८७) यांनी १८६४ मध्ये वर्णिलेली झडपांच्या भिंतींची पांढरी पेटी जगभरच्या वेधशाळांत रूढ झाली. तीत ऊन व पाऊस लागत नाही, पण हवा खेळती राहते. भारतात हवामानखाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले व तेथे उपकरणनिर्मितीचे कामही वाढले.

आर्द्रतेचे वाचन कामगाराच्या प्रकृतीशी व मालकाच्या नफ्याशी जोडले गेले ते कापडगिरण्यांत. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटते, म्हणून विणकाम खात्यात वाफ सोडण्याची प्रथा लँकाशरमध्ये पडली. उष्ण व दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीरास उष्णता बाहेर टाकता येत नाही. कामगारांच्या तक्रारींनंतर ब्रिटनमध्ये १८८९ च्या कायद्याने विणकाम खात्यातील आर्द्रतेला कमाल मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा ओल्या व कोरड्या फुग्यांच्या वाचनांच्या कोष्टकाच्या रूपात देण्यात आली होती. अशा रीतीने दोन तापमापकांतील काही अंशांच्या फरकाला कायद्याचे बळ प्राप्त झाले.

मुंबईची हवा मुळातच दमट. अहमदाबाद, नागपूर यांसारख्या कोरड्या प्रदेशांतील गिरण्यांना कृत्रिम आर्द्रीकरणाची गरज अधिक भासे. भारतीय गिरण्यांतील आर्द्रीकरणाविषयीचा टी. मलोनी यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १५ व्या कलमात कृत्रिम आर्द्रीकरणाची मानके ठरविण्याची व आर्द्रतेच्या चाचण्या बिनचूक घेऊन त्यांची नोंद ठेवण्याची तरतूद होती. त्याखालील राज्यांच्या नियमांत कोरड्या फुग्याचे वाचन ८५° फॅ. (सु. २९·४° से.) पेक्षा जास्त असताना सूतगिरणीच्या खात्यात वाफ सोडण्यास मनाई करण्यात आली. तापमापक चुकल्यास ही मनाई कागदावरच राहणार, हे उघड आहे.

विद्युत् संवेदक : फुग्यांबरोबर आकाशात सोडण्यात येणाऱ्या रेडिओसाँदांमुळे १९३० नंतर नवी गरज निर्माण झाली. उंचावरील थंड हवेत केस फार सावकाश प्रतिसाद देतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील एफ. डब्ल्यू. डनमोर यांनी १९३८ च्या सुमारास लिथियम क्लोराइडाचा थर असलेला विद्युत् आर्द्रतामापक तयार केला. ओलावा वाढला की या थराचा विद्युत् रोध कमी होतो. १९७३ मध्ये फिनलंडच्या व्हायसाला कंपनीने पातळ बहुवारिक पटल वापरलेला धारक-संवेदक प्रचारात आणला. बहुवारिकात पाण्याचे रेणू शिरले की त्याचा विद्युत् अपार्यता स्थिरांक व त्याबरोबर धारकता वाढते. पुढे संवेदक, त्याचे अंशन व अंकीय रूपांतर करणारे मंडल ही एकाच लहान वेष्टनात बसविणे शक्य झाले आणि किंमतही उतरली.

एक-फलक संगणकाद्वारे वाचन : इटलीतील इव्हरीया येथे २००५ मध्ये आर्डुइनो हा सूक्ष्मनियंत्रक-फलक व ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा संगणक पुढे आला. मुळात शिक्षणासाठी योजिलेली ही साधने छांदिष्टांनी उचलून धरली आणि तापमान व आर्द्रता यांची नोंद हा त्यांवरील नेहमीचा पहिला प्रयोग बनला. त्यासाठी डीएचटी-११ व डीएचटी-२२ हे संवेदक विशेष प्रचलित आहेत. पहिल्यात रोध-प्रकारचा व दुसऱ्यात धारक-प्रकारचा आर्द्रता-घटक असतो.

विद्युत् पुरवठ्याच्या दोन तारांखेरीज या संवेदकांना माहितीसाठी एकच तार लागते. ती रोधकाद्वारे उच्च पातळीवर धरलेली असते. संगणक ती काही काळ (डीएचटी-११ साठी किमान १८ मिलिसेकंद) नीच पातळीवर आणून विचारणा करतो. संवेदक ८० मायक्रोसेकंद नीच व ८० मायक्रोसेकंद उच्च असा होकार देऊन ४० द्विमान अंक पाठवितो. प्रत्येक अंकाआधी सु. ५० मायक्रोसेकंदांची नीच पातळी येते. त्यानंतरची उच्च पातळी सु. २६–२८ मायक्रोसेकंद टिकल्यास तो अंक ०, सु. ७० मायक्रोसेकंद टिकल्यास १ समजावयाचा असतो. पहिले १६ अंक आर्द्रतेचे, पुढचे १६ तापमानाचे व अखेरचे ८ पडताळ्याचे असतात. उदा., डीएचटी-२२ कडून आठ-आठ अंकांच्या गटांत २, १४०, १, ९५ या संख्या आल्यास आर्द्रता (२ × २५६ + १४०) ÷ १० म्हणजे ६५·२% व तापमान (२५६ + ९५) ÷ १० म्हणजे ३५·१° से. होते. पाचवा गट चारही संख्यांच्या बेरजेइतका, म्हणजे २३८, यावयास हवा; न आल्यास वाचन टाकून देतात. रास्पबेरी पायवर एकाच वेळी अनेक कामे चालू असल्याने संगणकाचे लक्ष काही मायक्रोसेकंद अन्यत्र गेले तरी अंक हुकतो. म्हणून त्यावर फेरवाचनाची सोय करावी लागते. केवळ हेच काम करणाऱ्या सूक्ष्मनियंत्रकाला ही अडचण कमी येते.

अचूकता : पडताळा जुळणे याचा अर्थ माहिती वाटेत बिघडली नाही एवढाच, आर्द्रता बरोबर आहे असा नव्हे. डीएचटी-११ ची आर्द्रतेतील अचूकता ±५% व तापमानातील ±२° से. सांगितली जाते, डीएचटी-२२ ची अनुक्रमे ±२% व ±०·५° से. पडद्यावर दशांशापर्यंत दिसणारा आकडा यापेक्षा अधिक विश्वसनीय नसतो. संगणकाची स्वतःची उष्णता हे चुकीचे आणखी एक कारण आहे. बाहेरील हवा ३०° से. व ७०% आर्द्र असताना संवेदकाजवळची हवा संगणकामुळे ३२° से. झाल्यास तेच बाष्प सु. ६२% आर्द्रता दर्शविते. संवेदक संगणकापासून दूर, सावलीत व खेळत्या हवेत ठेवणे हा यावरील उपाय म्हणजे स्टीव्हन्सन यांच्या पेटीचेच तत्त्व होय.

अंशशोधनाची घरगुती पद्धतही जुन्या परंपरेतील आहे. बंद बरणीत मिठाचा ओला लगदा ठेवल्यास त्यावरील हवेची आर्द्रता २५° से. तापमानास सु. ७५·३% वर स्थिर राहते. मॅग्नेशियम क्लोराइडाच्या लगद्यावर ती सु. ३२·८% असते. तार बाहेर काढून संवेदक, लगद्याला न टेकू देता, काही तास अशा बरण्यांत ठेवला व आलेल्या वाचनांची या मूल्यांशी तुलना केली म्हणजे त्याची चूक कळते. सोस्यूर यांच्या काचेच्या हंडीचे कार्य येथे बरणी करते. केसाच्या जागी बहुवारिक व काट्याच्या जागी द्विमान अंक आले, तरी ज्ञात आर्द्रतेशी ताडून पाहिल्याखेरीज कोणत्याही आर्द्रतामापकाचा आकडा मापन ठरत नाही.