माजूम, गमी आणि एक झाकण

पणजीत चर्चजवळच्या उद्यानाला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. कचेरी सुटल्यावर तिथल्या बाकांवर टेकणाऱ्या आम्हा मंडळींपैकी त्याचा ग्रंथ किती जणांनी चाळला असेल, कोण जाणे. हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला आणि औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली इथेच छापला गेला. त्यातला एक संवाद भांगेवर आहे.

त्यात गुजरातचा सुलतान बहादूरशहा येतो. बडोदे जिल्ह्यातल्या सावलीपासून फार दूर नसलेले चांपानेर ही त्याची राजधानी. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो, असे त्याने मार्तिं आफोंसो द सौझाला सांगितले होते म्हणे. ही भांग साखर आणि सुगंधी द्रव्ये घालून केलेली, तिचे नाव माजूम. ओर्ताच्या घरचे नोकरही भांग घेत, पण धन्याला नकळत!

म्हणजे दोन गोष्टी जुन्याच आहेत. नशा गोड करून खाणे ही एक, आणि घरात ती कोणाच्या हाती लागते याचा घरमालकाला पत्ता नसणे ही दुसरी. आज अमेरिकेत माजूमच्या जागी गांजाची गमी आली आहे. दिसायला ती लहान मुलांच्या गोळीसारखीच. तिथल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ साली २०७ नोंदी झाल्या होत्या, २०२१ साली ३०५४. बहुतेक घटना घरातल्याच.

त्यावरचा उपाय मात्र गांजाच्या आधीचा आहे. कॅनडातल्या विंडसरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आंरी ब्रो यांनी औषधे खाऊन अत्यवस्थ झालेली मुले पाहून १९६७ साली दाबून फिरवायचे झाकण पुढे आणले. अमेरिकेने १९७० साली त्यासाठी कायदा केला. पुढे गांजा कायदेशीर झाला तेव्हा कोलोरॅडोसारख्या राज्यांनी आणि कॅनडाने हेच वेष्टन सक्तीचे केले.

या झाकणाला प्रमाणपत्र मिळते ते मुलांच्या परीक्षेतून. ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांना बंद डबी देतात. पाच मिनिटांनी उघडून दाखवतात, दात वापरले तरी चालतील असे सांगतात आणि आणखी पाच मिनिटे देतात. शंभरातल्या ऐंशींना तरी ती उघडता येता कामा नये. वीस जणांनी उघडली तरी झाकण उत्तीर्णच! हे झाकण वेळ मिळवून देते, राखण करत नाही.

मोठ्यांचीही परीक्षा असते. पूर्वी त्यासाठी १८ ते ४५ वयाची माणसे घेत. पण सांधे दुखणारे आजी-आजोबा ते घट्ट झाकण लावतच नसत आणि नातवंडांच्या हाती नेमक्या त्यांच्याच गोळ्या लागत. म्हणून १९९५ साली नियम बदलून ५० ते ७० वयाची माणसे परीक्षेला बसवली गेली. शंभरातल्या नव्वदांना डबी उघडता आणि पुन्हा लावता आली पाहिजे.

मला या इतिहासात हाच बदल सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आईने लक्ष ठेवावे, असा उपदेश करून कायदा थांबला नाही. म्हाताऱ्या बोटांचा विचार केल्याशिवाय लहान जीव वाचत नाही, हे त्याने ओळखले. गोव्याच्या कारखान्यांतून अमेरिकेला गोळ्या जातात, त्यांच्या बाटल्यांना असे झाकण लागते. आपल्या घरी येणारी गोळी बहुधा साध्या पानातली, आणि आजी-नातू एकाच खोलीत. वाचकहो, तोवर उंच फळी आणि कडी हेच आपले प्रमाणपत्र.