स्कीवरचा पहिला धडा: लिलिएनफेल्ड ते सँक्ट आंटोन

स्कीवरचा पहिला दिवस शिक्षकाच्या देखरेखीखाली, सौम्य उतारावर आणि आपल्यासारख्याच नवख्यांच्या गटात घालवावा, ही रीत फार जुनी नाही. नॉर्वेतील ग्रामीण भागात मुले मोठ्यांचे पाहूनच स्कीवर चालू लागत, त्यामुळे प्रौढ नवशिक्याला शिकवण्याची पद्धतशीर व्यवस्था तेथे फारशी लागली नाही. ती निकड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समध्ये निर्माण झाली, कारण तेथे स्कीकडे वळलेल्यांमध्ये बालपणी तिचा स्पर्शही न झालेली शहरी माणसे बरीच होती आणि नॉर्वेच्या लांब स्की तेथील तीव्र उतारांवर आवरत नसत.

या अडचणीवर ऑस्ट्रियातील लिलिएनफेल्डजवळ राहणाऱ्या माथियास झ्दार्स्की यांनी उपाय शोधला. त्यांनी स्कीची लांबी कमी केली, पाय बाजूला सरकू न देणारे धातूचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी पकड, तयार केले आणि एकाच लांब काठीच्या आधाराने वेग काबूत ठेवून उतरण्याची पद्धत १८९६ च्या सुमारास ग्रंथरूपाने मांडली. ही विद्या ते विनामूल्य शिकवीत, याची नोंद आवर्जून घ्यावी लागते.

१९०७ मध्ये सँक्ट आंटोन येथे शिकवू लागलेल्या हान्नेस श्नायडर यांनी पुढे दोन काठ्यांची, गुडघे वाकवून पुढे झुकण्याची आर्लबेर्ग पद्धती घडवली. मात्र त्यांचे खरे कर्तृत्व वळणांपेक्षा अध्यापनाच्या शिस्तीत आहे: पहिल्या महायुद्धात पर्वतीय सैनिकांना शिकवल्यानंतर, १९२० च्या दशकात त्यांनी आपल्या शाळेत कुवतीनुसार वर्ग पाडले आणि प्रत्येकाला आधी स्नोप्लाऊ शिकवला. यात दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागील बाजू फाकवलेल्या असतात, त्यामुळे आतल्या कडा बर्फात रुतून वेग मंदावतो आणि नवख्याला सर्वांत आधी थांबणे साधते.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन होताच नाझींनी श्नायडर यांना अटक केली, आणि १९३९ मध्ये ते अमेरिकेतील नॉर्थ कॉन्वे येथे जाऊन तेथे शिकवू लागले. त्याच सुमारास फ्रान्सचे विश्वविजेते एमिल आले स्की समांतर ठेवूनच वळावे असा आग्रह धरत होते. कुशल स्कीपटूंच्या शैलीवर या विचाराचा खोल परिणाम झाला, तरी बहुतेक स्की शाळांत नवशिक्याचा पहिला धडा स्नोप्लाऊचाच राहिला.