शीड, वारा आणि आरमार

पेठ-मंचरच्या पठारावरून समुद्र दिसत नाहीं. तथापि जुन्नरच्या बाजारांतील माल प्राचीन काळापासून नाणेघाट उतरून कल्याणच्या खाडीस लागे, आणि तेथून पुढें तो शिडाच्या हवालीं होई. शिवनेरीवर १६३० सालीं जन्मलेल्या शिवाजीमहाराजांनीं १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर आरमारास आरंभ केला, याचें नवल वाटतें तें आपण घाट आणि बंदर निराळीं समजतों म्हणूनच.

मराठ्यांचें गलबत लहान असे. क्वचितच तें ७० टनांवर जाई. त्यास दोन डोलकाठ्या, मोठ्या काठीवर एकच विशाल त्रिकोणी शीड, आणि वारा पडल्यास ४०-५० वल्हीं असत. चौकोनी शिडाच्या जहाजास वाऱ्याच्या तोंडाशीं फारसें भिडतां येत नाहीं. त्रिकोणी शीड मात्र तिरपें ताणून धरलें, म्हणजे त्याच्या फुगवट्यावरून वाहणारा वारा त्यास पुढें ओढतो. पाण्यांत बुडालेला तळ होडीस आडवी सरकूं देत नाहीं. आणि उजवीं-डावीं वळणें घेत ती वाऱ्याच्याच दिशेस चढते. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांत मुंबईच्या समुद्रावर फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनीं फायरबॉल जातीच्या दोन माणसांच्या होडींत सुवर्णपदक मिळविलें, तेंही याच नियमाच्या बळावर.

परंतु कौशल्याइतकीच निगा महत्त्वाची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं स्वतंत्र प्रकरण आहे. तरांडीं फार थोर नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्यावांचून जीं निरुपयोगी, तीं बांधूंच नयेत. पावसाळ्यांत आरमार उघड्या किनाऱ्यावर न ठेवतां किल्ल्याच्या आश्रयास न्यावें, आणि रयतेस उपद्रव होऊं नये म्हणून दरसाल बंदर बदलावें, असा त्याचा आशय आहे. होडीची काळजी आणि राज्याची काळजी येथें एकाच लेखणीनें लिहिली आहे.

हा धडा पुण्यास विसरला गेला. तुळाजी आंग्र्यांचा बीमोड करण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांचें साहाय्य घेतलें. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या खाडींत तोफांच्या माऱ्यानें एका जहाजास आग लागली, आणि तींत आंग्र्यांचें आरमार भस्म झालें. पेशव्यांचें आरमार पुढेंही राहिलें; आंग्र्यांच्या वेळचा दरारा मात्र परतला नाहीं. गलबताचा नाश वाऱ्यानें केला असता तर दोष दैवास देतां आला असता. येथें घरच्यांनींच आगीस वाट करून दिली होती.