वाहनाच्या दरवाजाच्या पॅडचे अस्तरकाम

मोटार, जीप, टेम्पो इत्यादी वाहनांच्या दरवाजाच्या आतील बाजूस बसवलेल्या फळीवरचे जीर्ण आवरण काढून तिच्यावर नवे रेक्झिन, कापड किंवा चामडे चढवण्याच्या कामास दरवाजाच्या पॅडचे अस्तरकाम म्हणतात. बोलीभाषेत या फळीला 'डोअर पॅड' आणि हे काम करणाऱ्या कारागिराला 'कुशन मेकर' किंवा 'कुशनवाला' असे म्हटले जाते. आसनांच्या गादीकामापेक्षा हे काम सोपे असून शिलाई यंत्राची गरज बहुधा पडत नाही. त्यामुळे ते घरच्या घरी करता येते. मात्र दरवाजाच्या पोकळीत पाणी, विजेच्या तारा आणि नव्या गाड्यांत सुरक्षेची उपकरणे असल्यामुळे हे काम केवळ सजावटीचे राहत नाही.

रचना व साहित्य

जुन्या गाड्यांमधील पॅड म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून दाबून बनवलेल्या हार्डबोर्डची पातळ फळी, तिच्यावर फोमचा थर आणि त्यावर ताणून चिकटवलेले रेक्झिन. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे पॅड साधारण याच प्रकारचे होते. नंतरच्या गाड्यांत साच्यातून काढलेले प्लास्टिकचे पॅड आले. त्यांत बहुतेकदा फक्त मधला भाग कापडाचा किंवा रेक्झिनचा असतो आणि नव्याने मढवायचा असतो तो तेवढाच.

'रेक्झिन' हे मुळात इंग्लंडमधील एका कृत्रिम चामड्याचे व्यापारनाम होते. ते कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन बनवत. आज बाजारात याच नावाने मिळणाऱ्या मालावर बहुतांशी पीव्हीसीचा लेप असतो.

खराब होण्याची कारणे

दरवाजाच्या काचेलगतच्या रबरातून पावसाचे थोडे पाणी आत उतरतेच; तशीच त्याची रचना असते. हे पाणी दरवाजाच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर पडते. ते पॅडपर्यंत पोहोचू नये म्हणून पॅडच्या मागे पत्र्याला प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. धूळमातीने छिद्रे बुजली किंवा पडदा फाटला, की हार्डबोर्ड खालच्या कडेपासून फुगू लागतो आणि दरवाजाचा पत्राही आतून गंजतो. रेक्झिनचे नुकसान मात्र उष्णतेने होते. पीव्हीसीला मऊपणा देणारी द्रव्ये उन्हात हळूहळू उडून जातात, आवरण आकसते आणि त्याला भेगा पडतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ही दोन्ही कारणे एकत्र आढळतात. जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत ऊन व धूळ अधिक. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात, विशेषतः भंडारदरा व घाटघर परिसरात, पाऊस अतिशय जोराचा असतो. म्हणून कोरड्या भागातून घाटाकडे जाणाऱ्या गाडीची छिद्रे पावसाळ्यापूर्वी तारेने मोकळी करून घेणे हा अस्तरकामाहून स्वस्त उपाय ठरतो.

घरगुती कृती

प्रथम बॅटरीची ऋण जोडणी सोडवतात. हाताने फिरवायच्या काचेच्या गाडीत दांड्याच्या मागे तारेचे अर्धगोल लॉक असते. दांडा व पॅड यांच्या फटीत कापडाची पट्टी घालून ती मागेपुढे ओढल्यास लॉक सुटते, आणि बऱ्याचदा उडून हरवतेही. त्यामुळे दुसरा हात त्याच्यासमोर धरावा. त्यानंतर हातटेकू, आतील कडी व कप्पा यांचे स्क्रू काढतात आणि कडेच्या क्लिपा एकेक करून चपट्या पट्टीने उचकटतात. पॅड एका बाजूने धरून ओढल्यास क्लिपेभोवतीचा हार्डबोर्ड फाटतो. घरगुती कामात सर्वाधिक होणारी चूक हीच.

फळी फुगलेली असल्यास तिच्यावर नवे आवरण चढवणे व्यर्थ होय. जुनी फळी नव्या हार्डबोर्डवर किंवा पातळ प्लायवर ठेवून बाह्यरेषा व सर्व छिद्रे आखून घेतात, नवी फळी कापतात आणि बसवण्यापूर्वी तिच्या मागच्या बाजूस व कडांना रंग किंवा व्हार्निश देतात. डावा व उजवा पॅड एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असल्याने एकच आखणी उलटवून वापरता येते.

फोम साधारण ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा घेतात. जाड फोम दिसायला भारी वाटला, तरी तो काचेच्या दांड्याला अडतो. रेक्झिन फळीपेक्षा चहूबाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर मोठे कापतात. चिकटवण्यासाठी 'सोल्युशन' म्हणून मिळणारा रबरी डिंक दोन्ही पृष्ठांवर लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत सुकू देतात आणि मगच पृष्ठे जुळवतात. सुतारकामातील पांढरा गोंद येथे चालत नाही. उन्हात बंद उभ्या गाडीतील उष्णतेने तो मऊ पडतो. रेक्झिन मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबत नेतात. बाह्यगोल कोपऱ्यांवर मागील बाजूस त्रिकोणी खाचा देतात, तर अंतर्गोल कडांवर सरळ चिरा देतात. चीर फळीच्या कडेपर्यंत गेल्यास ती समोरून दिसते. थंडीत ताठ झालेले रेक्झिन केस वाळवण्याच्या यंत्राने थोडे तापवले तरी पुरते. शेवटी मागून स्टेपल मारतात; स्टेपलची लांबी फळीच्या जाडीपेक्षा कमी असावी.

या डिंकात टोल्यूइनसारखी ज्वालाग्राही व श्वसनास अपायकारक द्रव्ये असू शकतात. काम उघड्या अंगणात, चूल व विडी-सिगारेट यांपासून दूर करावे.

पॅड पुन्हा बसवताना प्लास्टिकचा पडदा जागेवर नीट चिकटवणे, हा या सर्व कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पडदा काढून टाकलेल्या दरवाजात नवे अस्तर पहिल्या पावसाळ्यातच खराब होऊ शकते.

सुरक्षा व नियम

काही गाड्यांत पॅडच्या मागे धक्का शोषणारे फोमचे ठोकळे असतात. काहींमध्ये बाजूच्या एअरबॅगला संकेत देणारा दाबमापक दरवाजाच्या पोकळीत असतो. असा दरवाजा आघाताने चेपला की पोकळीतील हवेचा दाब वाढतो आणि त्यावरून धडक ओळखली जाते. त्यामुळे ठोकळे काढणे, पॅडला ध्वनिक्षेपकासाठी मोठी छिद्रे पाडणे किंवा पडदा उघडा ठेवणे धोक्याचे ठरू शकते. पॅडमध्येच एअरबॅग असलेल्या गाडीचे काम घरी करू नये.

वाहनाच्या आतील साहित्य किती वेगाने जळते यालाही मर्यादा आहेत. भारतात त्यासाठी आयएस १५०६१ हे मानक असून अमेरिकी नियमानुसार हा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. घरगुती पडद्याचे कापड किंवा सोफ्याचा साधा फोम या कसोटीवर तपासलेला नसतो. अशा चाचण्यांशी अहिल्यानगरचा थेट संबंध आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मध्ये वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांत येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचा समावेश होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. केवळ अस्तर बदलल्याने हा तपशील बदलत नाही.

मुंबईतील टॅक्सी

२०१५ साली सुरू झालेल्या 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण आरेखनकारांनी मुंबईच्या टॅक्सींची आसने, छत व दरवाजांचे पॅड यांसाठी खास कापड तयार केले. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून हटल्या.