गोवा ते सुरत : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

गोवा आणि सुरत यांच्यातील हवाई अंतर किती, या प्रश्नाची उत्तरे दोन आहेत. कारण गोव्याला विमानतळ दोन आहेत. दाबोळीहून सुरत सरळ रेषेत सुमारे ६४५ किलोमीटर, तर पेडणे तालुक्यातील मोपाहून सुमारे ६०५ किलोमीटर. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि कागदावर सुरत चाळीस किलोमीटरने जवळ आली. काणकोणच्या प्रवाशाला मात्र मोपा गाठण्यासाठीच शंभर किलोमीटरच्या घरात रस्ता तुडवावा लागतो. म्हणूनच तिकीट काढताना त्यावर 'जीओआय' म्हणजे दाबोळी की 'जीओएक्स' म्हणजे मोपा, हे आधी पाहावे. सुरतेचे संकेतनाम 'एसटीव्ही'.

जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने हे अंतर पाऊण तासात कापेल, असा हिशेब कोणीही मांडेल. प्रत्यक्षात थेट विमानाच्या वेळापत्रकात सव्वा तास किंवा थोडा अधिक वेळ दिसतो. छापील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. तिच्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण आणि उतरण हे सारे येते. दाबोळी हा नौदलाचा तळ असल्याने तेथे कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास लष्करी उड्डाणांसाठी राखीव असतात, हेही ध्यानात ठेवावे.

थेट विमान न मिळाल्यास खरी परीक्षा सुरू होते. मुंबई जवळजवळ या रेषेवरच आहे. मुंबईमार्गे गेल्यास हवाई अंतर जेमतेम काही किलोमीटरांनी वाढते. वाढतो तो विमान बदलण्यातला वेळ. दिल्लीमार्गे तिकीट कधी स्वस्त दिसते, पण तो फेरा सुमारे २,४०० किलोमीटरांचा, म्हणजे जवळपास चौपट. त्यात दिवस मोडतो.

रस्त्याने पणजी ते सुरत हे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत मुंबई परिसराची कोंडी चुकत नाही. रेल्वेचे तसे नाही. कोकण रेल्वेवरून गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या पनवेलहून दिवा, वसई रोडमार्गे मुंबई शहरात न शिरताच पुढे जातात. मडगाव ते सुरत प्रवासाला साधारण तेरा ते पंधरा तास लागतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेवरील वेग कमी केला जात असल्याने त्याहून अधिक.

कापडखरेदीसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. सुरतेचा विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस, डुमस रस्त्यावर मगदल्ला येथे आहे. रिंग रोडवरील कापडबाजार तेथून बराच दूर. रेल्वे स्थानक मात्र त्या बाजाराच्या अगदी जवळ. विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन तास आणि दोन्ही टोकांचा रस्ता धरला, तर सव्वा तासाचे उड्डाण घरापासून बाजारापर्यंत पाच-सहा तासांचे होते. तरीही दिवसाउजेडी काम आटोपायचे असेल तर विमानच सोयीचे; रात्रीच्या झोपेत अंतर कापायचे असेल तर गाडी.